भुरी

एर्मेलिंद स्विंडनला गेली
तेव्हा घराची किल्ली तिनं कुणालाच दिली नाही.
मला कुंडी दिली.
"पुंडलिकबाब, ही माझ्या आईची ओर्तेंसिया.
आणली तेव्हा गुलाबी होती,
शिरसईच्या तांबड्या मातीनं निळी केली.
पळय तिला."

मी पाहिलं ते असं:
मागच्या पडवीत, न्हाणीच्या चुलीपलीकडे,
जिथं गाय पोचणार नाही, माकड पोचणार नाही,
वर हिरवी जाळी, दोन्ही बाजूंना पत्रा.
तिन्हीसांजेला डोक्यावरून तांब्याभर पाणी.
दुसऱ्याची वस्तू. जपायला नको?

दिवाळी सरली आणि पानांवर
पांढरे ठिपके.

एकतीस वर्षं अस्नोड्याच्या प्लांटवर
नळीत पाणी धरून रंग बघत आलो.
जे पांढरं दिसतं ते पाण्यानं मागं ठेवलेलं असतं,
यापलीकडे मी कशावर फारसा विश्वास ठेवलेला नाही.
माडाच्या व्हिनेगरात बोळा बुडवून
एक पान पुसलं. लख्ख.
चौथ्या दिवशी ठिपका जागेवर,
थोडा ऐसपैस बसलेला.

क्षार परत उगवत नाहीत.
तरी विहिरीचं पाणी तपासलं. मऊ निघालं.
पाणी निर्दोष आहे हे कळल्यावर
मला जरा वाईटच वाटलं.

दर रविवारी ती म्हणायची, फोटो पाठव.
मी कुंडी फिरवायचो,
निळा झुबका पुढे, ठिपके पत्र्याकडे.

शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात
रोपं विकणारी सुकांती.
मान वर न करता तिनं विचारलं,
कापसासारखं आहे? चिकटतं? मुंग्या चढतात?
नाही.
नखानं खरवडलं तर खपली निघते?
नाही.
बोटावर पीठ येतं?
येतं.
"मग भुरी. आंब्याच्या मोहोराला धरते तीच जात.
कोंडून घातलंय काय तिला?"

मी कांद्याची एक माळ घेतली
आणि उत्तर न देता बस पकडली.

कात्री स्पिरिटनं पुसून सतरा पानं कापली.
खतात नाही टाकली, जाळली.
एक वाटी दूध, नऊ वाट्या पाणी,
सकाळच्या उन्हात फवारा, पानांच्या पोटाशीसुद्धा.
बायको म्हणाली, "माझ्या चहाचं काय?"
पत्रा काढला, जाळी काढली.
कुंडी ओढत ओढत पुढच्या अंगणात आणली.
पाणी आता मुळाशी, तेही सकाळी.
गाय आली तर येऊ दे, हाकलू.
अर्धी बोडकी झालेली ती
वाऱ्यात हलली तेव्हा लक्षात आलं,
माझ्याकडे आल्यापासून ती हललीच नव्हती.

त्या रविवारी तिनं व्हिडिओ लावला.
"दुसरी बाजू दाखव."
कुठली दुसरी?
"आईच्या झाडाला मी ओळखत नाही काय?
पाच महिने एकच बाजू पाठवतोयस."

दाखवली. देठांवरचे घाव,
उरलेल्या पानांवरचं राखाडी.
वाटलं, आता बोलणी बसणार.
ती गप्प. मग तिनंही
आपला फोन हळूच फिरवला.
नेहमीचा फुलाफुलांचा पडदा बाजूला झाला.
खाट. एका खिळ्यावर तीन कोट.
रात्रपाळीचे बूट, त्यांत कोंबलेला कागद.
कोपऱ्यात छतापासून खाली
ओल उतरत आलेली, काळी, ठिपक्याठिपक्यांची.

"पुसते," ती म्हणाली. "परत येते."

खिडकी उघडत जा.
"थंडी आहे रे."
बोटभर तरी.

बराच वेळ दोघंही
एकमेकांच्या भिंती बघत बसलो.

आज कापल्या जागी कोंब फुटलाय.
दोन पानं. एक स्वच्छ.
दुसऱ्यावर मोहरीएवढा एक पांढरा ठिपका.
बोट पुढे केलं होतं, मागं घेतलं.
फोटो काढला.
न फिरवता पाठवला.