रकाना

कोइमतूरहून यंत्र आलं, तेव्हा वेंगुर्ल्यात लाइट नव्हती.
क्रेनवाला शिरोड्याचा, चहा पिऊन ट्रकखाली झोपला.
मी बँकेचा हप्ता मनात घोकत उभा
आणि निवडायच्या मेजावरच्या अकराजणी
पदराने वारा घेत बघतायत,
हे एवढं थोरलं कपाट नेमकं कुणाच्या जागेवर बसणार.

तिसऱ्या दिवशी इंजिनिअर म्हणाला,
"सर, चांगला म्हणजे काय ते एकदा सांगा,
बाकी कॅमेरा बघून घेईल."
बावीस वर्षं काजू विकतोय मी.
मला सांगता येईना.

सत्यभामा रेडकर उठली. हात पुसले.
यंत्राने फुंकून टाकलेल्या ढिगातून एक गर उचलला:
"हो करपलेलो नाय. आडेलीच्या बागेचो रंगच तसो."
मग पास झालेल्यातला एक, पांढराशुभ्र,
तळहातावर झेलला:
"हलको लागता. आत कीड आसा."
फोडला.
होती.

आता ती रोज काचेसमोर बसते,
कॅमेऱ्याला एकेक गर दाखवते,
चुकला की "शिरा पडो तुझ्या तोंडार" म्हणते.
तो खरंच कमी चुकायला लागलाय.

सावंतवाडीच्या उद्योजक मेळाव्यात
मी याला नवकल्पना म्हटलं.
टाळ्या पडल्या. शाल मिळाली.

महिनाअखेर.
पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये रकाने आहेत:
सोलणे, निवडणे, भरणे.
शिकवणे नाही.
मेजावर आता सहाजणी.
कर्सर लुकलुकतोय तिच्या नावापुढे.