सत्तेचाळीस सेकंद

आमचा स्टुडिओ म्हणजे
इर्मेलीच्या सौनाची कपडे बदलायची खोली.
पाइनच्या फळ्या, खुंटीवर तीन टॉवेल,
माइकच्या देठाला तिच्या आईनं विणलेला लोकरी मोजा.
भिंतीपलीकडे शेगडी निवताना दगड तडतडतात,
प्रत्येक भागात ऐकू येतात.
पहिल्या भागात मी ते पुसले होते.
आता नाही पुसत.

दर गुरुवारी कुणी एक येतं
वाद्य काखेत, बूट दाराशी काढून.
कागदाची गिरणी बंद झाली
तशी तरणी पोरं पांगली दक्षिणेला.
उरलेल्यांत कोण काय वाजवतं
ते शेजाऱ्यालाही धड ठाऊक नाही.
एस्को, बर्फ लोटणाऱ्या गाडीवरचा,
रात्रपाळीला केबिनमध्ये तोंडानंच ट्रंपेट वाजवायचा,
मग खरी आणली, हप्त्यावर.
सतरा वर्षांची आइनो-कैसा
किराणा दुकानाच्या गोदामात ड्रम बडवते.
तिची एकच अट : आजोबांना कळता कामा नये.
आजोबा आमचे पहिले श्रोते.

बोलणाऱ्याची बोरं विकली जातात म्हणे.
आमच्या दलदलीत पिकतात ती हिल्ला, मधाच्या रंगाची,
आणि ती नेमकी कुठे पिकतात
हे बाप मरतानाही लेकाला सांगेलच, असं नाही.
अशा गावात
इर्मेलीनं गप्पांचा कार्यक्रम काढला.

त्या गुरुवारी ओर्वो कुइवास आला.
अडतीस वर्षं तिसऱ्या नंबरच्या यंत्रावर,
डावा कान तिथेच ठेवून आलेला.
अकॉर्डियन बापाचं;
एका बटणाच्या जागी सदऱ्याचं बटण, चार भोकांचं.

कोणी शिकवलं?
असंच.
पहिल्यांदा लोकांसमोर कधी वाजवलंत?
उन्हाळ्यात.
कोणत्या उन्हाळ्यात?

आणि मग काहीच नाही.

पडद्यावर रेघ आडवी झाली.
खुर्ची एकदा करकरली. दगड. आवंढा.
इर्मेली दुसरा प्रश्न विचारेल म्हणून मी वाट पाहिली,
ती मोज्याकडे बघत बसलेली.
एकतिसाव्या सेकंदाला भाता उघडला,
सूर न लागता, नुसता वारा,
कुणी दारातून आत यावं
आणि न बोलता माघारी फिरावं तसा.
सत्तेचाळिसाव्याला ओर्वो म्हणाला,
"वाजवू का आता?"

माझं काम कापायचं.
मी सत्तेचाळिसाचे चार केले.
सकाळी इर्मेली आली, अंगात कोट तसाच,
हेडफोन लावून ऐकलं, काढून ठेवले.
"कुठे गेलं ते?"
"काय?"
"त्याचं उत्तर."

परत जोडलं. त्रेचाळीस सेकंद
कचऱ्याच्या डब्यातून वेचून आणले,
एकेक झटकून.

एरवी साठ जण ऐकतात, त्या आठवड्यात दोनशे बारा.
त्यातल्या निम्म्यांना वाटलं असणार
फोन बिघडला.
औषधांच्या दुकानात सिर्का-लीसानं
माझे कानाचे थेंब पिशवीत घातले
आणि मी न विचारताच म्हणाली,
"तो उन्हाळा मला माहीत आहे."
पुढे बोलली ती फक्त किंमत.

मार्चमध्ये वाचनालयात मैफल ठेवली.
सव्वीस खुर्च्या, कॉफीचा थर्मास, दालचिनीचे पाव.
एस्कोनं इतक्या जोरात फुंकलं
की नकाशांच्या कपाटाची काच थरथरली.
आइनो-कैसाचे आजोबा पहिल्या रांगेत,
कानात कापूस, चेहरा उजळलेला.
ओर्वो शेवटी आला. तीन वॉल्ट्झ वाजवले,
तिसऱ्यात चुकला, मागे गेला, पुन्हा धरलं.

मग इर्मेलीनं माइक त्याच्यापुढे केला.
तोच प्रश्न. मला वाटलं होतं, नाही विचारणार.
तो खिडकीकडे बघत राहिला,
बाहेर आखातावरचा बर्फ अजून गाडी पेलत होता.
भाता हळूच उघडला.
सव्वीस जणांत कुणी खोकलं नाही,
सिर्का-लीसानं पर्स उघडली, तशीच मिटली.

मी मागे टेबलाशी, हेडफोन लावून,
बोट बटणावर. कापायचं काही नव्हतं.
सुई बघत होतो.
ती शून्यावर नव्हती.