भुईकाटा

एकतीस वर्षं मी ट्रक जोखतेय.
पुंता आरेनासच्या बंदराबाहेर पत्र्याची खोली,
काचेपलीकडे भुईकाटा.
भरलेली गाडी चढते, आकडा लिहायचा.
रिकामी परतते, आकडा लिहायचा.
मोठ्यातून लहान वजा, तो माल:
लोकर, खेकडे, गोठवलेली मेंढरं.
एकाही पावतीत कधी खोट निघाली नाही.

डिसेंबरात माझ्या गुडघ्यानं संप पुकारला.
दवाखान्यातली पोरसवदा डॉक्टरीण
रक्ताचा कागद बघून म्हणाली,
"दोन्या नेल्दा, वर्षाचा विचार नको.
महिन्याला एकच गोष्ट ठरवा. लिहून ठेवा."
त्या रात्री सगळे गेल्यावर
मी एकटी भुईकाट्यावर जाऊन उभी राहिले.
शंभर, तो म्हणाला.
इतक्या वर्षांत त्याच्याशी कधी वाद घातला नव्हता.

कॅलेंडर बेकरीवाल्यानं फुकट दिलेलं,
दर महिन्याला नवा केक.
त्यावरच लिहिलं.

जानेवारी: संध्याकाळच्या चहाबरोबर एकच पाव.
आमच्याकडे जानेवारीत रात्री दहापर्यंत उजेड,
आणि उजेड आहे तोवर संध्याकाळच की.
एक पाव किती वेळा एकच असतो
हे मी सांगणार नाही.

फेब्रुवारी: रोज चालत जुन्या धक्क्यापर्यंत.
मोडक्या खांबांवर पाणकावळे बसलेले,
दिवसभर काही करत नाहीत, आणि एकही जाड नाही.
पहिल्या आठवड्यात त्यांचा राग आला.
चौथ्या आठवड्यात मोजायला लागले.
एकशे बारा. एक लंगडा.

मार्च: भाऊ आला, कोकरू भाजलं. ये रे माझ्या मागल्या.

एप्रिलवर काही लिहिलेलं नाही.
एप्रिलात ओस्वाल्दोला जाऊन दोन वर्षं झाली.
महिनाभर मी उभ्यानं जेवले,
ओट्यापाशी, पातेल्यातूनच,
दिवा न लावता.

मे: ताटात वाढून घ्यायचं. बसून खायचं.
"एवढंच?" मीच डॉक्टरणीला विचारलं.
ती म्हणाली, "एवढं पुष्कळ आहे."
टेबलाला दोन खुर्च्या.
मी त्याच्या खुर्चीत बसले.
तिथून सामुद्रधुनी दिसते, पलीकडचे दिवेसुद्धा.
सत्तावीस वर्षं हा माणूस रोज हे बघत जेवला
आणि मला एका शब्दानं बोलला नाही.
मसूर त्या दिवशी निवून गेली. तशीच खाल्ली, सावकाश.

जून: पुन्हा मसूर. भोपळा. काळोख पाचलाच.

जुलै: रस्त्यावर बर्फ, म्हणून चालणं घरातल्या घरात,
म्हणजे खोलीच्या सात पायऱ्या,
दोन गाड्यांच्या मध्ये तीनदा वर-खाली.
ड्रायव्हर हसायचे.
मिर्को खिडकीतून ओरडून मोजायचा,
मुद्दाम चुकवायचा, चारनंतर पुन्हा तीन.
मी त्याची गाडी थांबवून ठेवायची.
गुडघा कुरकुरला, पण कामावर रुजू झाला.

ऑगस्टात दवाखान्याचा काटा म्हणाला
अठ्ठ्याऐंशी.
डिसेंबरात एक्क्याण्णव होते.
आठ महिने, तीन किलो.
डॉक्टरीण खूश. मी हिशेबी बाई, मी गप्प.

संध्याकाळी मिर्को म्हणाला, "उतरा की खाली, जोखू तुम्हाला."
तो माझ्या खुर्चीत, मी लोखंडी फळीवर,
वारा कोटात शिरलेला.
काचेमागे त्यानं दोन्ही हात वर केले.
ऐंशी!

आता हे मला ठाऊक आहे, त्याला नाही:
भुईकाटा वीसाच्या पटीतच बोलतो.
एक्क्याण्णवला तो शंभर म्हणतो,
अठ्ठ्याऐंशीला ऐंशी.
ट्रकला त्यानं काय फरक पडतो?

मिर्कोनं पावती छापली, शिक्का मारला.
माल: नेल्दा ओयार्सून.
मी दुरुस्त करायला पेन उचललं,
आणि खाली ठेवलं.

रात्री पोर्वेनीरला बहिणीला फोन केला.
"वीस किलो," मी म्हटलं. "शिक्क्याची पावती आहे."
पलीकडे बराच वेळ नुसता वारा.
मग तिनं विचारलं, "खातेस तरी काय गं?"

"पाव," मी म्हटलं.
"एकच."