सोनापूरचा शुक्रवार

व्हिन्सेंटबाबा,
आमच्याकडे सोनापूर म्हणजे स्मशान.
आयला फोनवर म्हटलं, 'दर शुक्रवारी सोनापूरला जातो',
तर ती बराच वेळ बोललीच नाही.
मग हळूच, 'कोण गेलं रे?'
कोणी नाही, आय. दुबईच्या सोनापुरात माणसं राहतात.
एका खोलीत बारा, एकावर एक खाटा,
आणि दाराशी चपलांचा एवढा ढीग
की वाटावं, आत लग्न आहे.

तुझं चित्र फादर मस्करेन्हसांनी दिलं.
पाकिटात लेबर कार्डाच्या मागे असतोस तू:
काळा झगा, कडेवर कुणाचं तरी पोर,
आणि नाक थेट आमच्या बस्त्यावमामाचं.
म्हणून तुझ्याशी बोलायला अवघड जात नाही.

मिस्सा संपली की आम्ही पाच जण
पार्किंगमध्ये उभ्यानेच तुझी प्रार्थना म्हणतो,
व्हॅनचं इंजिन चालू ठेवून.
मंगळूरची नर्स ग्लॅडिस इंग्रजीत सुरू करते,
मी ओठ हलवतो, आत मराठी.
फ्रेंच संताला मराठी कळतं का,
असं फादरना एकदा विचारलं होतं.
ते म्हणाले, तू आधी पोती उचल.

मी स्टोअरकीपर, बाबा.
मोजल्याशिवाय माझा हात सुटत नाही.
तांदूळ चाळीस, डाळ चाळीस,
तेल अडतीस, दोन पिशव्या वाटेत फुटल्या.
साबण, नेलकटर, फोनची कार्डं.
आणि यादी. घेणाऱ्याची सही इथे.

ब्लॉक सतरामध्ये बुडालेल्या कंपनीची माणसं.
पाच महिने पगार नाही.
पासपोर्ट मुदीरच्या कपाटात,
आणि मुदीर कुठे, ते कपाटालाही ठाऊक नाही.
तुलाही म्हणे एकदा समुद्रात धरून
परमुलखाच्या बाजारात विकलं होतं.
काही विद्वान म्हणतात, ही गोष्ट खरी नसावी.
ब्लॉक सतरात असं कोणी म्हणणार नाही.

लिंगय्या, जगत्यालचा, काँक्रीटच्या कामावरचा.
सही येत नाही म्हणाला. मी शाईचा पॅड पुढे केला.
त्याने अंगठा दाबला.
कागदावर निळा डाग. रेघ एकही नाही.
पुन्हा दाबला. पुन्हा डागच,
झिजलेल्या साबणासारखा गुळगुळीत.
'सिमेंट, साब', तो म्हणाला,
'एअरपोर्टची मशीनपण मला ओळखत नाही.'
आणि हसला,
जणू फजिती माझी झाली होती
आणि मला सांभाळून घ्यायला हवं होतं.

मग त्याने रंगाचा रिकामा डबा उलटा केला,
लुंगीच्या टोकाने पुसला, मला बसवलं.
साखर एका कपापुरतीच होती, मी पाहिलं.
तो कप माझ्या हातात आला.
नको म्हणायला हवं होतं का, बाबा?
मी प्यायलो. गोड होता.

एक सांगायचं राहिलं.
माझ्या लॉकरमध्ये आयने पाठवलेली सुकेळी आहेत,
वसईची, वाळल्या पानात बांधलेली.
ती मी कुठल्या यादीत धरली नाहीत.
रात्री खोलीतला दिवा गेला की एकेक खातो,
पान वाजू न देता.

परतताना व्हॅनमध्ये ग्लॅडिसने जपमाळ काढली.
प्रणाम मरिये. प्रणाम मरिये.
माझा अंगठा मण्यांवरून सरकत होता,
सगळ्या रेघा शाबूत.
यादीत लिंगय्याच्या नावापुढे तो डाग तसाच.
वर ऑफिसवाले विचारतील, हे काय?
मी म्हणेन, सही.

तुला माझ्याकडून काय हवंय
ते एकदा आकड्यात सांग.
सोळा आली होती, नऊ उरलीत.
पुढचा शुक्रवार सहा रात्रींनी आहे
आणि मला माझाच भरवसा नाही.
आज झोपायच्या आधी
जरा लॉकरपाशी येऊन बस.