आडवी भुवई

तार्तूहून मारिकाची मेल आली: फाइल तेहतीस पूर्ण,
शहाण्णव टक्के शब्द बरोबर, अभिनंदन.
फोर्टात, ग्रंथालयाच्या तिसऱ्या मजल्यावर,
जिथे एसी स्कॅनरसाठी आहे
आणि आम्ही भर मे महिन्यात स्वेटर घालून बसतो,
मी पहिलं पान उघडलं.
‘जव्हारच्या उत्तरेस खोल दया आहेत.’

जयेंद्र वैती हसला. म्हणाला,
मॅडम, असतील. आपण कुठे जाऊन बघितलंय.

प्रबंध खांबेट्यांचा, एकोणीसशे त्रेसष्ट.
तिसरी कार्बन प्रत.
पहिल्या दोन कुठे गेल्या, रजिस्टर सांगत नाही.
कसरीने कडा खाल्ल्या, मजकूर ठेवला.
त्यांच्या टंकयंत्रात एक खूण नव्हती,
म्हणून ते तिथे बोटभर जागा सोडत
आणि रात्री, सगळे निजल्यावर असावं,
एकेका दरीच्या अनेकवचनात
निळ्या शाईने काढत बसत
एक आडवी भुवई.
तीनशे बारा वेळा.

यंत्राला तो डाग वाटला.
यंत्र स्वच्छतेचं फार.

मी लिहिलं. मारिकाने यंत्राला शब्दकोश दिला.
आठ दिवसांनी दया गेली
आणि समुद्र आला.
‘जव्हारच्या उत्तरेस खोल दर्या आहेत.’
जयेंद्र आता हसला नाही. माहूलचा माणूस,
दर्या त्याच्या घरचा.
म्हणाला, हे मात्र चुकीचं आहे.

मग कॉल. आमचे साडेसहा, तिकडे चार.
मारिका तार्तूत, वंजिरू नैरोबीत,
दोघींचं घड्याळ एक, खिडकीतला उजेड वेगळा.
मला इंग्रजीत ते सांगता येईना.
मारिका म्हणाली, मग म्हणून दाखव.
मी म्हटलं, दर्या. इथे जीभ थांबते, ओझं ठेवते.
दऱ्या. इथे नुसती शिवून जाते,
लहान मूल पळताना भिंतीला हात लावतं तशी.
दोघींनी म्हणून पाहिलं.
वंजिरूला दुसऱ्या खेपेला जमलं.
मारिकाच्या तोंडात मात्र समुद्रच येत राहिला.

ती म्हणाली, आमच्याकडे एक ओ आहे, त्याच्या डोक्यावर लाट.
परदेशी यंत्रं ती पुसतात,
आम्ही परत काढतो.
वंजिरू म्हणाली, माझ्या तर नावावरच आहे ती,
शेवटच्या अक्षरावर. बँकेने कधीच काढून टाकली.
मग कुणीच काही बोललं नाही.
जयेंद्रने मध्येच विचारलं,
डाग कशाला म्हणायचं ते ठरवतं कोण?
मी भाषांतर केलं.
ते इतिवृत्तात मुद्दा क्रमांक सहा म्हणून गेलं.

पुढचे चार महिने
आम्ही यंत्राला डाग शिकवले:
हा चहाचा, हा गंजलेल्या टाचणीचा,
ही खांबेट्यांची शाई.
शेवटी मारिकाने एक फोटो पाठवला,
चौकटीच्या वहीचं पान, त्यावर तिने पेनाने गिरवलेलं
दऱ्या दऱ्या दऱ्या,
भुवई जरा जास्त लांब,
पाणी उतरताना रेंगाळावं तशी.

आता कुणी कुठूनही शोधलं
तर तीनशे बारा दऱ्या सापडतात.
परवा जव्हारच्याच कॉलेजातून कुणी पोरीने उघडलं,
रात्री दीड वाजता, फोनवर.
नाव दिसत नाही, गाव तेवढं दिसतं.

अकरा ठिकाणी मात्र
खांबेटे स्वतःच विसरले होते.
झोप आली असेल, शाई संपली असेल.
तिथे जागा कोरी.
मारिकाने विचारलं, भरू का?
वंजिरूने नियम वाचला: मूळ प्रतीत जे आहे, तेवढंच.
मी दोन दिवस उत्तर दिलं नाही.
मग लिहिलं, राहू दे.

म्हणून पान अठ्ठ्याऐंशीवर,
तीन देशांनी तपासून, सही करून,
मोखाड्याच्या पश्चिमेस
अजून खोल
दया आहेत.