आतून कडी

गेटवर पाटी लावून आज एकोणिसावा दिवस.
"पाहिजेत : डाळ निवडायला महिला. मशीन ऑपरेटर एक."
पाटीवर तुरीची पिवळी धूळ बसते,
सकाळी मी बोटाने
"पाहिजेत" तेवढं पुसते.

सासरे म्हणायचे, माणूस सुपात घेऊन पाहावं,
भरीव असेल तर खाली राहतं, फोल उडतं.
मी घेतले अकरा जण सुपात.
एकाच्या शर्टाची दुकानातली घडी मोडली नव्हती,
उत्तरांचीही.
एकाने जुन्या मालकाला इतक्या शिव्या घातल्या
की पुढच्या वर्षीचं माझंच नाव कानावर आल्यासारखं झालं.
यावलचा हुसेन तडवी काहीच बोलेना.
प्रमाणपत्र मागितलं, तर एलिव्हेटरकडे मान वळवून म्हणाला,
"वरचं बेअरिंग रडतंय, मॅडम. दोन दिवस काढेल."
दीड दिवस काढले त्याने.
हुसेनला ठेवलं.

पण बायका टिकेनात.
दिवाळीपासून चौघी गेल्या. आसोद्याची, नशिराबादच्या दोघी,
आणि ती मंजुळा, जिचे डोळे
लाखेची डाळ तुरीतून हातभर लांबून ओळखत.
मी रोजामागे वीस रुपये वाढवले.
केक आणला, फुगे लावले, फोटो काढला,
"आपण सगळे एक कुटुंब" असा फळा रंगवून घेतला.
दुसऱ्या सोमवारी पाचवी गेली.

शेवटी सुपडाबाईपाशी जाऊन बसले, पोत्यावर.
तिच्याआधीची तीन भावंडं जगली नाहीत,
म्हणून हिला जन्मताच सुपात घातलेलं.
ही उडाली नाही.
तेवीस वर्षं या चाळणीपाशी आहे,
आणि तेवीस वर्षांत हिला कुणी
कामाशिवाय दुसरं काही विचारलं नव्हतं.
मीही नाही.

"का जातात हो बायका?"

तिने हातातले चार खडे आधी बाजूला टाकले.
मग म्हणाली,
"संडासले कडी नही शे, ताई."

एवढंच.
एकीने आत जायचं, दुसरीने दार धरायचं,
आणि हमाल आले की दोघींनी
उन्हात उभं राहून भिंतीकडे बघायचं.
म्हणून पाणीच प्यायचं नाही.
पंचेचाळीस डिग्रीतसुद्धा.

मला आठवले मे महिन्यातले ते
भरलेले, झाकलेले पेले.
मी वहीत लिहिलं होतं, माझ्याच अक्षरात :
"महिला शिस्तीच्या. सारखं उठत नाहीत."

बळीराम पेठेतून कडी आणली. पंच्याऐंशी रुपये,
स्क्रू वेगळे.
हुसेनने बसवली, दोनदा ओढून पाहिली,
तिसऱ्यांदा कान लावून.
अकाउंटंट विचारतो, खर्च कुठल्या खात्यात टाकू?
अजून सांगितलं नाही.

आधी सुपडाबाई गेली.
खट्.
अंगणात कबुतरं टिपत होती सांडलेली चुनी,
एलिव्हेटर चालू होता, न रडता.
आम्ही सगळ्या उभ्या होतो
काही बघायला नव्हतं तरी.

बराच वेळ ती आली नाही.
आणि कुणी हाक मारली नाही.

मंजुळाला फोन केला. उचलला नाही.
पाटी आहे तशीच आहे.
उद्या खाली आणखी एक ओळ लिहीन म्हणते,
पण ती कशी लिहायची,
कुठल्या अक्षरात,
हे अजून सुचत नाही.