साडेबारा फूट

लांबी बत्तीस. उंची बारा,
वरचे एसीचे दोन उंचवटे धरून साडेबारा.
देवळात नाव-गोत्र सांगावं तसं हे मला पाठ आहे,
कारण रस्ता रोज विचारतो.

कापूरबावडीला काल डावीकडून वाट होती.
आज डावीकडे खड्डा, हिरवी जाळी,
आणि पाटी: काम चालू आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व.
त्यातला स्व चिखलानं बुजलेला.
उरलं नुसतं क्षम.
म्हटलं, आहोत बुवा.

मागे भिंतभर आरसा, त्याभोवती चोवीस दिवे,
फ्रीज, गुबगुबीत सोफा, बाथरूम,
सगळं रिकामं.
मॅडम सकाळी सातला त्यांच्या गाडीनं येणार,
गायमुखच्या बंगल्यात शूटिंग.
मालकाची ताकीद: ड्रायव्हरनं सोफ्याला पाठ लावायची नाही.
लावत नाही. स्टिअरिंगला कपाळ लावतो.

मानपाडा. पातलीपाडा. इथून पुढे
रस्ता रस्त्यासारखा राहत नाही,
मेट्रोच्या पत्र्यांमधली फट होतो.
सुभान उतरून पुढे चालतो, मोबाइलचा टॉर्च धरून,
येऊ द्या, येऊ द्या, डावं घ्या, अजून,
बास.
बास म्हणजे चार बोटं.
तीही त्याची, बारीक.

वाघबीळला क्रेननं गर्डर उचललेला,
आता ठेवू का मग ठेवू करत.
सगळं थांबलेलं. रात्रीचा दीड.
लाल झेंडी घेऊन एक बाई काचेशी आली.
वाटलं, मागे घ्या म्हणणार.
तिनं आधी गाडी वरपासून खालपर्यंत पाहिली,
मग हळू विचारलं,
"भाऊ, ह्याच्यात संडास हाय का?"

"आहे," म्हटलं,
आणि तेवढ्यात मालक, टाकीतलं पाणी,
सकाळच्या मॅडम, सगळे एकदम आठवले.
तिच्या गळ्यातल्या कार्डावर सकरी राठोड,
फोटो भलत्याच बाईचा.
"सहा वाजल्यापासून उभी हाय.
बाप्यांचं काय, भिंत दिसली का झालं.
अठी त नुसते पत्रे अन् गाड्याईचे लाइट."

मी पायरी खाली सोडली.
आत हात घालून दाबलं ते दुसरंच बटण:
आरशाचे चोवीसच्या चोवीस.
ती दारातच थबकली.
पिवळं हेल्मेट, नाकावर फडकं,
सिमेंटनं पांढऱ्या झालेल्या पापण्या.
"एका तोंडाले एवढा उजेड?"
मी काय सांगणार. दार लोटून घेतलं.

झेंडी राहिली माझ्या हातात.
नेमका तेव्हाच गर्डर बसला,
आणि मागचे टेम्पो, कंपनीच्या बसेस, एक कंटेनर
सगळ्यांनी मिळून हॉर्न धरला.
वीस वर्षं झेंडी दिसली की शिवी दिली मी.
आता तीच उंच धरून उभा.
एक बाइकवाला ओरडला, ए, बापाचा रस्ता आहे का?
म्हटलं, थांब, आत बाईमाणूस आहे.
त्याला काही कळलं नसणार.
पण थांबला.

ती आली तेव्हा तोंड धुतलेलं,
माझ्या अंदाजापेक्षा दहा वर्षांनी लहान.
"पाणी जास्त नाही सांडलं," म्हणाली,
आणि झेंडी काढून घेतली,
जणू मी विचारल्याशिवाय हात लावला होता.
मग सुभानला बाजूला सारून
माझ्याकडे तोंड करून, उलटी चालत निघाली
पत्र्यांच्या त्या फटीतून.
"येऊ द्या. येऊ द्या.
वरतं मी पाह्यते, तुमी खालतं पाहा."
साडेबारा सांगायची वेळच आली नाही.

गायमुखला पोचलो पावणेचारला.
सकाळी मेकअपचा पोरगा विचारत होता,
बेसिनमध्ये ही बारीक रेती कुठून आली?
सुभान माझ्याकडे बघायला लागला.
मी म्हटलं,
रस्त्याचं काम चालू आहे.